पाच मिलीची नोंद

शॉमबर्ग (अमेरिका),
मंगळवार, ११ मार्च

तीर्थस्वरूप शैलजावन्संना,

सुहासिनीचा वाकून नमस्कार. तुमच्या पायांपर्यंत हात पोचणार नाही इतकं अंतर आहे, पण वाकले हे खरं (कंबरेत कळ आली, म्हणजे नीट वाकले). तुमच्या गुडघ्याचं कसं काय? मिरजेला आता ऊन तापायला लागलं असेल. इथे अजून पार्किंगच्या कोपऱ्यात बर्फाचे ढीग काळे पडून बसले आहेत, नको असलेल्या पाहुण्यासारखे. दत्तकृपेनं घरात सगळी बरी. अनिकाला पुढचे दोन दात आले, त्यामुळे नात आता माझ्याशी स्पष्ट इंग्रजी बोलते. आश्लेषाला तुम्ही सांगितलेला काढा करून दिला, तिनं तो घेतल्याचं सांगितलं (कुंडीतल्या तुळशीनं मान टाकली आहे, म्हणून शंका).

तुम्ही म्हणाल, फोन असताना ही पत्र का लिहीत बसली. तर वन्सं, तुम्हाला आलेले मेसेज तुमच्या सूनबाई मोठ्यानं वाचून दाखवतात, आणि माझे आश्लेषा पाठवण्याआधी तपासते. आपल्या दोघींचं काही दोघींतच राहावं अशी सोय त्या फोनमध्ये नाही. हे पत्र तुम्ही एकटीनं, चष्मा लावून, सावकाश वाचा. तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिते आहे, तेव्हा उलटायला विसरू नका. मुख्य गोष्ट ही की परवा गुरुवारी कॉलेजात निकाल आहे. परीक्षेचा नव्हे, माझा. मला शिकू द्यायचं की काढून टाकायचं, ते ठरणार आहे.

हो, कॉलेज. एकसष्टाव्या वर्षी तुमची भावजय कॉलेजकुमारी झाली, हे मी तुमच्यापासून लपवलं, त्याची आधी क्षमा असावी. इथे गावोगाव सरकारी कॉलेज असतं, कम्युनिटी कॉलेज म्हणतात, कुणीही जावं, वयाची अट नाही, आणि त्यातल्या हेल्थ सायन्स विभागात मी आठ आठवड्यांचा कोर्स घेतला. नाव मोठं असलं तरी काम आपलंच आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, भांडं देणं. सासूबाईंचं मी नऊ वर्षं केलं तेच, फक्त इथे त्याला सर्टिफिकेट लागतं. जावई अनीश, बिचारे जपून बोलतात, त्यांनी विचारलं की आई, हे कशासाठी. मी म्हटलं, वेळ जात नाही. ते खोटं नव्हतं. ऑगस्टात हे गेल्यापासून सकाळी साडेसातला घर रिकामं होतं ते साडेतीनपर्यंत, आणि मी डाळ निवडते. इथली डाळ निवडावी लागत नाही, हे मला कळतं. पण खरं कारण ते नव्हतं. ह्यांच्या सतरा दिवसांच्या हॉस्पिटलात एक मदतनीस बाई रोज ह्यांचे केस ओल्या टॉवेलनं पुसायची आणि भांग पाडायची, डावीकडून, मी सांगितला तसा. ती म्हणाली की तिनं हे कॉलेजात शिकून घेतलंय. मला त्या कॉलेजात एक प्रश्न विचारायचा होता. तो कोणता, ते पुढे येईल.

प्रवेशासाठी माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट ट्रंकेतून काढलं. सन एकोणऐंशी, बावन्न टक्के, कडेला झुरळानं खाल्लेलं. खिडकीतल्या मुलीनं ते दोन्ही हातांनी असं धरलं, जसं काही वस्तुसंग्रहालयातून आणलंय. मग इंग्रजीची चाचणी झाली. त्यात एका उताऱ्यावर प्रश्न होते, उतारा होता बचतीचं महत्त्व. दत्तगुरू कुठे धावून येतील सांगता येत नाही.

वर्गात बाकी सगळ्या एकोणीस-वीसच्या मुली. शिकवायला मिसेस ओकाफोर, नायजेरियाच्या, तीस वर्षं नर्स, उंच, ठसठशीत, आणि आवाज असा की मेलेलं माणूसही कूस बदलेल. सराव एका रबरी बाहुल्यावर, त्याचं नाव मिस्टर जेंकिन्स. पहिल्याच दिवशी मला त्याचा पाय लागला. म्हणजे माझा पाय त्याला लागला, आणि सवयीनं मी त्याला हात लावून नमस्कार केला. मुलींनी विचारलं हे काय. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं की माणसाला पाय लागला तर माफी मागतात. त्या म्हणाल्या हा रबर आहे. मी म्हटलं, उद्या माणूस असेल, सवय आत्ताच लावलेली बरी. आता अख्खा वर्ग मिस्टर जेंकिन्सना धक्का लागला की नमस्कार करतो. एकदा मिसेस ओकाफोरचाच बूट लागला तेव्हा त्यांनीही इकडेतिकडे पाहून उरकून घेतला.

हात धुण्यात मी दोनदा नापास झाले. हसू नका. इथे वीस सेकंद साबण चोळायचा आणि तेवढा वेळ नळ सोडून ठेवायचा, नुसता वाहता. तांब्याभर पाण्यात हातपाय धुऊन उरलेलं तुळशीला घालणारी माणसं आपण. साबण लावताना माझा हात आपोआप नळाकडे जायचा, तो बंद करायचा, आणि मिसेस ओकाफोर कागदावर फुली मारायच्या. नळाला हात लावला की हात पुन्हा घाण, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे एक भांडं पाणी वाचवायला मी तीन बादल्या घालवल्या. तिसऱ्या वेळी डोळे मिटले, अकरा वेळा दत्ताचं नाव घेतलं, नळाकडे पाहिलंच नाही, आणि पास झाले. (नळ ज्या कागदानं बंद करतात तो एकदाच वापरून टाकतात. मी घरी आणून वाळवते. ओटा पुसायला चांगला.)

भरवण्यात तर मी वर्ग बिघडवला. रोग्याची भूमिका करणारी मुलगी दोन चमचे पुडिंग खाऊन म्हणाली पुरे. नियम असा की पुरे म्हटलं की चमचा खाली. आपल्याकडे असं केलं तर पाहुणा उपाशी मरेल, कारण पहिल्या तीन नकारांना आपण मोजतच नाही. मी म्हटलं, हा एक तुझ्या आईच्या नावाचा. मग बाबांच्या नावाचा. मग तिचा कुत्रा होता, त्याच्या नावाचा. दोन वाट्या संपल्या आणि ती मुलगी रडायला लागली, म्हणाली तिला असं कुणी भरवलंच नव्हतं. मिसेस ओकाफोरनी मला शून्य दिलं. म्हणाल्या, नाही म्हणणं हा रोग्याचा हक्क आहे. खरं आहे. सासूबाईंना मी किती घास त्यांच्या मनाविरुद्ध भरवले असतील, त्या रात्री ते मोजत पडले होते.

पण एका विषयात मी पहिली आले, तेही सांगते, एरवी तुम्हाला वाटेल की हिनं नाव घालवलं. रोग्याच्या पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं, ह्याचा हिशेब ठेवतात. कप दोनशे चाळीस मिली, सूपाची वाटी एकशे ऐंशी, जेलीसुद्धा पाण्यात धरतात. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. चाळीस वर्षं मी दुसरं काय केलंय? मुली भागाकार करत असताना माझी बेरीज जुळलेली असायची. मिसेस ओकाफोर प्रत्येक तासाला एक वाक्य म्हणतात, ते मी वहीच्या पहिल्या पानावर श्रीकाराखाली लिहून ठेवलंय: लिहिलं नाही, ते झालंच नाही. रोग्याला पाणी दिलं पण लिहिलं नाही, तर पाणी दिलंच नाही. कूस बदलली, लिहिली नाही, तर बदललीच नाही. मला हे फार पटलं. तुम्हाला माहीत आहे, माझ्या वहीत आजवर एक खोटी नोंद नाही. ह्यांनी लपून खाल्लेली भजीसुद्धा मी भजी म्हणूनच लिहिली, किरकोळ म्हणून नव्हे.

आता मूळ गोष्टीवर येते. सहाव्या आठवड्यात आम्हाला नर्सिंग होममध्ये पाठवलं. आपल्याकडचं बाळंतपणाचं नव्हे, इथे म्हाताऱ्या माणसांना कायमचं ठेवतात त्या घराला तसं म्हणतात. मला दिल्या मिसेस नोव्हाक. वय त्र्याण्णव, पोस्टात काम केलेल्या, गळ्यात चांदीचा क्रूस, हाताची बोटं सुकलेल्या शेंगांसारखी. पहिल्या आठवड्यात त्या माझ्याशी बोलायच्या. त्यांनी टेबलाच्या खणात जेवणाबरोबर येणाऱ्या साखरेच्या पुड्या साठवल्या होत्या, दोनशेच्या वर, रबर लावून, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे. मला त्यांनी ते एखादीनं सोनं दाखवावं तसे दाखवले. वन्सं, परक्या देशात मला पहिल्यांदा आपलं माणूस भेटलं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी डोळे मिटले. गिळणं गेलं, आणि उशाशी पाटी लागली: तोंडाने काही नाही. घोटभर पाणीसुद्धा छातीत उतरू शकतं, म्हणून. माझं काम एवढंच की दर अर्ध्या तासानं ओल्या स्पंजची कांडी ओठांवरून फिरवायची आणि लिहायचं. त्यांची मुलगी ओहायोहून गाडी घेऊन निघाली होती आणि बर्फात वाटेत अडकली होती. सत्तावीस फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी साडेअकराला त्यांचा श्वास बदलला. तो श्वास मी दोनदा ऐकलाय. एकदा सासूबाईंचा, एकदा ह्यांचा. मध्येच थांबतो, आणि आपण आपला श्वास धरून बसतो, जसं काही आपला उसना देता येणार आहे.

माझ्या खिशात एक छोटी बाटली होती. शहाण्णव साली तुम्ही काशीहून आणून मला दिलेल्या गडूतलं पाणी. (ते माझ्या खिशात का होतं, ते शेवटी सांगते, आत्ता विचारू नका.) ऑगस्टात तुम्ही फोनवर विचारलं होतंत आणि मी म्हणाले होते की तुमचा गडू कामी आला. त्यातलंच उरलेलं समजा. खोलीत कुणी नव्हतं. पडदा ओढलेला होता, कारण पडदा ओढण्याचा नियमच आहे आणि त्यात मला नेहमी पूर्ण गुण असतात. मी पाटी वाचली. दोनदा वाचली. मग औषधाच्या प्लास्टिकच्या वाटीत पाच मिलीच्या रेघेपर्यंत पाणी घेतलं (न मोजता द्यायला माझा हात धजेना), त्यांची मान कलती केली, आणि चमच्यानं थेंब थेंब घातलं. कानात रामाचं नाव घेणार होते, तेवढ्यात क्रूस दिसला. म्हणून त्यांच्या देवाचं नाव घेतलं, तीनदा, माझ्या उच्चारांत. दोघांनी आपसांत समजून घेतलं असेल. आणि वन्सं, त्यांनी गिळलं. ठसका नाही, काही नाही. गळ्याची शीर हलली आणि एक डोळा किंचित उघडला. चार दिवसांत उघडला नव्हता.

मी हात धुतले, वीस सेकंद, नळ वाहता ठेवून. मग चार्ट घेतला आणि लिहिलं: ११.४०, तोंडाने, पाणी, पाच मिली.

तुम्ही म्हणाल, वेडी का काय ही. कुणी पाहिलं नव्हतं, बाटली खिशात गेली होती, बाई बरी होती. आश्लेषानंही हेच विचारलं, कपाळाला हात लावून: "आई, लिहिलंस कशाला?" तिला काय सांगू. लिहिलं नाही तर झालंच नाही. म्हणजे मिसेस नोव्हाक पाण्यावाचून पडल्या होत्या असंच राहिलं असतं. ते माझ्याच्यानं दुसऱ्यांदा झालं नसतं.

बारा वाजता नर्सनं चार्ट पाहिला. साडेबाराला माझा बिल्ला काढून घेतला. दोन वाजता कॉलेजच्या ऑफिसात विभागप्रमुख बाई, मिसेस ओकाफोर आणि मी. विचारलं, पाणी कुठलं. मी म्हटलं, नदीचं. कोणत्या. गंगेच्या. उकळलेलं? मी म्हटलं, ते उकळत नाहीत. किती दिवसांचं? मी बोटांवर मोजलं आणि म्हटलं, एकोणतीस वर्षांचं. विभागप्रमुख बाईंनी पेन खाली ठेवलं. मिसेस ओकाफोरनी डोळे मिटले आणि त्यांचे ओठ हलले, बहुतेक त्यांच्याही देवाला त्या दिवशी काम लागलं. सगळं लिहून घेतलं, मी सही केली, स्पेलिंगच्या दोन चुका सुधारल्या.

प्रमुख बाई फोटोकॉपी काढायला बाहेर गेल्या तेव्हा मिसेस ओकाफोर माझ्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. मला वाटलं, आता आवाज चढेल. इतक्या हळू त्या कधीच बोलल्या नव्हत्या.

"सुहा, मला विचारलं का नाहीस?"

मी म्हटलं, पाटी होती. तोंडाने काही नाही.

त्या म्हणाल्या, "पोटात घालायला मी नाहीच म्हटलं असतं. पण मी स्वतः स्पंजचं टोक तुझ्या पाण्यात बुडवून तुझ्या हातात दिलं असतं, ओठांना लावायला. जाणाऱ्या माणसासाठी कुणी हे मागितलं तर कुठल्याच हॉस्पिटलात नाही म्हणत नाहीत. फक्त विचारावं लागतं."

मला ज्या प्रश्नासाठी कॉलेजात जायचं होतं, वन्सं, त्याचं उत्तर मिळालं. मी तिथे रडले नाही. बसमध्ये रडले. मग उतरायचा थांबा गेला, आणि पुढच्या थांब्यावरून बर्फातून चालत आले, परतीची बस त्याच तिकिटात बसली नसती म्हणून.

मिसेस नोव्हाक शनिवारी पहाटे गेल्या. मुलगी शुक्रवारीच पोचली होती, शेवटी उशाशी होती. नियमाप्रमाणे तिला माझी चूक सांगावी लागली. मला वाटलं, आता कोर्टकचेरी. तिनं म्हणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की ह्या पाण्याचे पैसे लागले का. नाही म्हटल्यावर म्हणाली, मग ठीक, माझी आई फुकट मिळालेलं काही नाकारत नसे. आणि साखरेचा एक गठ्ठा माझ्यासाठी ठेवून गेली. पंचवीस पुड्या, मी मोजल्या.

असं आहे सगळं. गुरुवारी काय होतं ते बघू. तुम्ही काळजी करू नका, गुडघ्याला शेक घ्या, आणि दत्ताला माझ्या वतीनं एक उदबत्ती लावा (लहान चालेल).

तुमची,
सुहासिनी

ता. क. — पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून आज गुरुवारी लिहिते. निकाल लागला. ही खेप नापास. पण काढून टाकलं नाही, कारण नोंद खरी केली होती. जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून, फी पुन्हा. मिस्टर जेंकिन्सना पुन्हा भेटेन.

ता. क. दुसरा — शुक्रवार. आता ते सांगते. तुम्ही फोनवर रडत विचारलंत, "पाणी पोचलं ना गं माझ्या प्रतापला?" मी हो म्हणाले. वन्सं, नव्हतं पोचलं. सतरा दिवस तो गडू माझ्या पर्समध्ये होता, डाख दिलेला तसाच, आणि तो उघडायला अनीशचा स्क्रू-ड्रायव्हरही बरोबर होता. त्यांच्या उशाशी तीच पाटी होती. मी नियम पाळला. कुणालाही विचारलं नाही, ते नाही म्हणतील म्हणून. कॉलेजात मला विचारायचं होतं ते हेच, की मी विचारलं असतं तर पाणी देऊ दिलं असतं का. तेराव्याला घरी गडू उघडला तेव्हा पाणी जसंच्या तसं काठोकाठ होतं. त्यातलंच थोडं बाटलीत भरून मी तेव्हापासून जवळ ठेवते, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. आता विचारायला शिकले आहे, म्हणून विचारते. वर्षश्राद्धाला तुम्ही कृष्णेवर जाल, तेव्हा माझ्यातर्फे त्यांच्या नावानं एक पळी पाणी सोडाल का? नाही म्हणालात तरी चालेल. तो तुमचा हक्क आहे. पण जे म्हणाल ते फोनवर नको, पत्रातच लिहा.

ता. क. तिसरा — हॉस्पिटलात मी ह्यांच्यासाठीही वहीत एक पान केलं होतं. सतरा ओळी, आणि "तोंडाने" ह्या रकान्यात सतरा शून्यं. काल रात्री सतराव्या ओळीतलं शून्य खोडलं आणि लिहिलं: पाणी, पाच मिली. चाळीस वर्षांत ही एकच खोटी नोंद. एवढी राहू द्या.